रकाना चौथा : रडण्याचं कारण

६ जानेवारी २००३, सोमवार
वही पाच दिवस उशिरा. संकल्प एकच : ३१ मार्चच्या आत एम.फिल.चा प्रबंध विद्यापीठात देणे. नाही दिला तर जूनपासून माझ्या जागी दुसरा मास्तर. प्राचार्य हे हसत हसत म्हणाले.

विषय : मानवी अश्रूंतील लायसोझाइम. अलकाला विषय सांगितला तेव्हा म्हणाली, "लग्नाला सात वर्षं झाली, अश्रूंसाठी विद्यापीठात कशाला जायचं?" बायको विनोदी निघाली हे पत्रिकेत नव्हतं.

नमुने आजअखेर ४. चारही आईचे.

८ जाने., बुध.
आई निमगाव सावाहून आलीय, उन्हाळ्यापर्यंत जुन्नरलाच राहणार. माझ्यासाठी नाही, केबलसाठी. साडेआठची हिंदी मालिका लागली की पाचव्या मिनिटाला डोळ्यांत पाणी. मी शेजारी काचेची बारीक नळी घेऊन बसतो. सून घराबाहेर काढली : दोन थेंब. सून परत आली : तीन थेंब.

आज आईने विचारलं, "कशाला रं माझ्या डोळ्याचं पाणी?" टीव्हीचा आवाज कमी करून सांगितलं. अश्रूत, थुंकीत, शेंबडात, अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइम असतं. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते, हे ती भिंत तोडतं आणि जंतू फुटून मरतो. डोळा दिवसभर उघडा, धूळमाती खातो, तरी पिकत नाही, त्यात याचा मोठा हात.

आई : "मंग आमी गळवाला सकाळची शिळी थुंकी लावायचो तवा तूच नाक मुरडायचास. एवढं शिकलास आन् शेवटी माझ्याच थुंकीपाशी आलास व्हय!"
आवाज परत मोठा केला तिनेच.

१७ जाने., शुक्र.
तळेघरला कॉलेजचं श्रमदान शिबिर. म्हटलं, डोंगरातल्या लोकांचे नमुने मिळाले तर प्रबंधाला वजन येईल. एसटी आलीच नाही, सात-आठ किलोमीटर पायपीट, पिशवीत नळ्यांचा खुळखुळाट. एका घरी एक म्हातारी नाचणी पाखडत होती. हात जोडून सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं.
"रडायचं, आन् ते बी तुमच्या बाटलीत?"
"हो आजी, दोनच थेंब."
"आमाला रडाया टाइम न्हाई, मास्तर. दुपारच्याला या, बघू."
दुपारी गेलो तर शेतात गेलेली. कांदा कापून दाखवला एका बाईला, तिला काही झालं नाही, मीच रडलो. नमुना क्र. ९, स्वतःचा.

वहीत रकाने चार : नाव, वय, वेळ, रडण्याचं कारण. चौथा रकाना पुण्याच्या सरांचा, म्हणजे माझ्या गाइडचा हट्ट. कांद्याचं पाणी वेगळं, दुःखाचं वेगळं, म्हणे. रकाना कोरा ठेवायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद.

२५ जाने., शनि.
नमुने २२. रीडिंगं घ्यायला लागलो, आणि बोंब.

पद्धत साधी. पिवळ्या निरुपद्रवी जंतूंचं गढूळ पाणी करायचं, त्यात पातळ केलेले अश्रू घालायचे. लायसोझाइम असेल तर जंतू फुटतात, पाणी निवळतं. किती लवकर निवळलं ते यंत्राचा काटा सांगतो. आमचा काटा जागचा हलत नाही. आईचे अश्रू इतके पातळ करतो खरे, पण निदान थोडं तरी? पाणी जसंच्या तसं गढूळ.

सरांना फोन. "पवार, तुमच्या आईंच्या डोळ्यांत अश्रू आहेत की नळाचं पाणी?"
माझ्या आईबद्दल! "परत करून बघतो, सर," म्हणालो. ३१ मार्च.

३ फेब्रु., सोम.
दोष आईत नाही. आज पुण्याहून आणलेलं विकतचं शुद्ध लायसोझाइम घेतलं. अंड्याचं, नखाएवढी बाटली, घरी फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवतो. तोलून पाण्यात घातलं. पहिल्या नळीत पाणी निवळलं, झकास. दुसऱ्या नळीत ओतून पातळ केलं, हिशेबापेक्षा कमी. तिसरीत आणखी कमी. सहावीत शून्य.
दर नळीत काहीतरी गायब होतंय. चोर नळीतच आहे. नळ्या कोण धुतं?

बशीरचाचा धुतात. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, सव्वीस वर्षं तेच काम. येत्या ३१ मेला निवृत्त. धुणं म्हणजे काय धुणं : आधी ॲसिडात रात्रभर, मग नळाखाली सहा पाणी, मग ऊर्ध्वपातित पाण्याची तीन. नळी खिडकीशी धरून बघतात. "काच साफ असली की पानी सरळ पडद्यावानी उतरतं सर. कुठं थेंब अडला की समजायचं, मळ हाय." थेंब अडला तर परत पहिल्यापासून. कॉलेजात पाहुणे आले की प्राचार्य आधी चाचांचं काचेचं कपाट दाखवतात, मग ग्रंथालय.
पण ॲसिड राहत असेल का तळाशी? राहतच असणार.

५ फेब्रु., बुध.
सकाळपासून सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा शून्य. डोकं फिरलं. शेवटच्या वर्षाची सगळी मुलं प्रॅक्टिकलला उभी, आणि मी चाचांना म्हणालो, "सव्वीस वर्षं नुसती बोटं ओली केलीत काय?"
कुणी हसलं नाही. चाचांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली, आणि तिचं तोंड पुसलं.
"ॲसिड ऱ्हात न्हाई, सर. मी जिभंला लावून बघतो."
"शास्त्र जिभेवर चालत नाही," मी. काय पण वाक्य. तेव्हा फार आवडलं होतं.

६ फेब्रु., गुरु.
प्राचार्य म्हणाले, तोंडी तक्रार हवेत जाते, लेखी द्या. दिली. "काचसामान निष्काळजीपणे धुतल्यामुळे माझ्या संशोधनाचे नुकसान होत आहे." दोन ओळी. जावक क्रमांक पडून संस्थेच्या कार्यालयाकडे रवाना. दुपारपर्यंत शिपायापासून कँटीनपर्यंत सगळ्यांना माहीत. संस्थेने मान्य केलं तर चाचांच्या सेवापुस्तकात लाल शेरा. सव्वीस वर्षांत पहिला, निवृत्तीला चार महिने राहिले असताना.

चाचांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या आपल्या रुमालात बांधून माझ्या टेबलावर ठेवल्या. "सलाम, सर." ३१ मार्चपर्यंत रजेचा अर्ज.
बरं झालं म्हणालो. म्हणालो खरं.

१० फेब्रु., सोम.
आता नळ्या मीच धुतो. मला कुठला तेवढा वेळ! बारावीच्या पोरांनी सकाळी दुधातल्या प्रथिनांचं प्रॅक्टिकल केलं, त्यांच्याच नळ्या उचलल्या, नळाखाली दोनदा खळखळ केलं, झालं. आत थेंब अडकलेले दिसत होते. अडकू देत.
आणि रीडिंग आलं! सहाच्या सहा नळ्यांत, हिशेबाप्रमाणे! आईच्या अश्रूंनी पाणी असं निवळलं की मी टेबलावर हात आपटला. म्हणजे माझंच खरं. चाचांच्याच धुण्यात खोट होती.
अलकाला पेढे आणायला सांगितलं. ती म्हणाली, "एका माणसाची नोकरीतली अब्रू गेली, पेढे कसले?" आणले नाहीत.

१९ फेब्रु., बुध.
उत्साहाच्या भरात आज नळ्या नीट धुतल्या. चाचांसारख्याच. ॲसिड, सहा पाणी, तीन पाणी, खिडकीशी धरून. पाणी पडद्यासारखं उतरलं, मला अभिमान वगैरे वाटला.
रीडिंग शून्य.

२१ फेब्रु., शुक्र.
कालची बारावीची खरकटी नळी : रीडिंग उत्तम. माझी लख्ख नळी : शून्य. परत केलं. परत तेच.
जितकं स्वच्छ तितकं वाईट? हे कुणाला सांगणार? गाइडला सांगितलं तर म्हणतील, पवार, न धुता प्रबंध करा.
पण एक कळतंय आणि ते कळलेलं आवडत नाही. ॲसिड राहत नव्हतं. मी स्वतः जिभेला लावून पाहिलं. (हे कुठे लिहायचं नाही. इथे लिहिलं तेवढं पुरे.)

२ मार्च, रवि.
जुन्नरचा बाजार. आईने नवा माठ घेतला, कुंभारापाशी अर्धा तास वाजवून बघत. घरी आणून काठोकाठ पाणी भरलं. मला तहान लागलेली, पेला बुडवायला गेलो तर हातावर फटका.
"पहिलं पानी आपलं नसतं. त्ये माठाचं."
"म्हणजे?"
"नवा माठ लई तान्हेला असतो. आधी त्याला पिऊ द्यावं, त्याचं पोट भरलं की मंग आपल्याला देतो. येवढं बी ठावं न्हाई?"
संध्याकाळी पाहिलं, पाणी बोटभर खाली. बाहेर पाझर नाही. माठाने प्यायलं.
मी तिथेच उकिडवा बसलो. आई म्हणाली, "काय झालं रं? पोटात दुखतंय का?"

३ मार्च, सोम.
प्रयोग. बारा नळ्या, सगळ्या चाचांच्या पद्धतीने लख्ख. सहा तशाच ठेवल्या. सहांमध्ये गाईचं दूध भरलं, तासभर ठेवलं, ओतून टाकलं, साध्या पाण्याने विसळल्या. म्हणजे काचेला आधी पाजलं. मग दोन्हीकडे तेच लायसोझाइम. आणि खात्रीसाठी दूध पाजलेल्या वेगळ्या तेराव्या नळीत लायसोझाइम न घालता नुसतं गढूळ पाणी, म्हणजे निवळण्याचं श्रेय दूध लाटत नाही ना ते कळावं.
लख्ख सहा : पहिलीत बरं, सहावीत शून्य.
दूध प्यालेल्या सहा : सगळीकडे हिशेबाप्रमाणे. नुसतं गढूळ पाणी गढूळच.
लायसोझाइम मरत नव्हतं. काचेला चिकटून बसत होतं. चोर नळीतच होता, पण तो मळ नव्हता, ती स्वच्छता होती.
आनंद व्हायला हवा होता.

५ मार्च, बुध.
सरांना फोन. सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून थंड आवाज : "चिकटणारच. लायसोझाइमवर धन विद्युतभार, साफ काचेवर ऋण. जितकी काच साफ तितकं जास्त. द्रावण पातळ असलं की सगळंच्या सगळं चिकटू शकतं. जुनी गोष्ट आहे ही."
"सर, मग आधीच का नाही सांगितलंत?"
"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात, धुणारा निष्काळजी आहे."


माझ्यापुरतं मी असं समजून घेतलं : एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. दुधातली प्रथिनं आधी रुमाल टाकून बसली. मागून लायसोझाइम आलं, त्याला बसायला जागा नाही, मग ते उभ्याने काम करतं. आणि काम केलं म्हणजे मला रीडिंग.

६ मार्च, गुरु.
प्राचार्यांकडे गेलो, तक्रार परत घ्यायची म्हणालो.
"जावक क्रमांक पडलाय, पवार. तो काय दात आहे, दुखला की काढायला?"
सगळं समजावलं. ते हसले. "आधी म्हणालात काच घाण. आता म्हणताय काच जास्त स्वच्छ. संस्था विचारेल, हा प्राध्यापक शुद्धीवर असतो ना?"
नवं पत्र द्या म्हणाले, पुढे पाठवतो. शब्द देत नाही.

९ मार्च, रवि.
चाचांच्या घरी. बाजारच्या गर्दीतून आत, जुन्या मोहल्ल्यात. पूर्वी त्यांच्या घराण्यात हातकागद करायचे, अजून एक दगडी कुंडी दारात आहे, तिच्यात पुदिना. खिडकीत कड उडालेल्या आमच्याच टाकाऊ परीक्षानळ्या ओळीने, प्रत्येकीत मनीप्लँट. आतलं पाणीसुद्धा लख्ख.

चाचीने चहा दिला. मी चहा न पिताच सुरू झालो. माठ, दूध, सहा नळ्या, विद्युतभार. चाचांनी आपला कप खाली ठेवला.
"म्हंजे काच साफ व्हती."
"हो चाचा. फारच साफ होती."
"फारच?"
"इतकी की लायसोझाइम तिलाच चिकटून बसलं."
चाचांनी खिडकीतली एक नळी सरळ केली. मला वाटलं, आता हसतील.
"म्हंजे मी थोडं कमी घासलं असतं, तर तुमचं काम झालं असतं."
"तसं नाही हो..."
"तसंच झालं ना, सर? आधी तुमी म्हनला मी धुतच न्हाई. आता म्हनता लई धुतो. सव्वीस वर्षं कंचं तरी एक चुकलंच की माझं."

निर्दोष ठरवायला गेलो आणि दुसऱ्यांदा आरोप करून बसलो. पोरांसमोर बोललेलं ते बोटांचं वाक्य आठवलं, आणि नळीचं तोंड पुसणारा त्यांचा हात. माफ करा म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. चौतीस वर्षांचा घोडा, दुसऱ्याच्या घरात, चाचीसमोर.
चाचा उठून आत गेले. वाटलं पाणी आणतायत. आणली परीक्षानळी. घरातलीच, धुतलेली, खिडकीशी धरून पाहिली आणि माझ्या गालाला लावली.
"वाया घालवू नका, सर. नमुने कमी पडत्यात म्हनत व्हता ना." मग नळी जरा तिरकी करून, "आन् ही दुधात बुडवल्याली न्हाई. आधीच सांगतो."
चाची पदर तोंडावर घेऊन हसली. मीही हसलो, रडता रडता, नळी हलली. "हलू नका," चाचा ओरडले.

निघताना माफीचं विचारलं. "लिहिल्यालं लिहूनच पुसायचं असतं, सर. तोंडानं पुसलं की डाग पसरतो." दारापर्यंत आले, त्यापुढे नाही.

११ मार्च, मंगळ.
लिहिलं. चार पानं, आलेख जोडून. शेवटी : "काचसामान सर्वोत्तम धुतले होते. चूक माझ्या अज्ञानाची व जिभेची आहे." प्राचार्यांनी 'व जिभेची' खोडायला सांगितलं. नाही खोडलं. जावक क्रमांक पडला.

१८ मार्च, मंगळ.
होळीची सुट्टी, प्रबंध टाइप करून घेतोय. पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं होतं, 'बशीरचाचा पद्धतीने धुतलेली काच'. सरांनी तांबड्या पेनाने काट मारली : 'आम्लाने स्वच्छ केलेली काच'. ऋणनिर्देशात चाचा पहिले, सर दुसरे ठेवलेत. ते पान सरांना अजून दाखवलेलं नाही.
आईचे नमुने, क्र. १ ते ४, नव्याने घेतले, दूध पाजलेल्या नळ्यांत. आई म्हणाली, "आता मालिकेत लगीन चाललंय, रडाया येत न्हाई, थांब जरा." विद्यापीठ थांबत नाही हे तिला कसं सांगू.

२९ मार्च, शनि.
प्रबंध दिला! पुण्याला जाऊन, शिक्का मारून, पोच घेऊन. कारकुनाने वजन करून बघितल्यासारखा हातात उचलला आणि ढिगात टाकला. नारायणगावला उतरून मिसळ खाल्ली, एकट्यानेच.

जायच्या आधी सरांनी शेवटचं चाळलं. ऋणनिर्देशाचं पान दोनदा वाचलं आणि उलटलं. मग तक्त्यावर बोट. नमुना क्र. ३१, पुरुष, वय ३४, सकाळी ११. चौथा रकाना कोरा. "पवार, हे काय? कोरा चालत नाही." अलका काल म्हणालीच होती, कांदा लिहून मोकळे व्हा. नाही लिहिलं. सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : 'नोंद नाही'.
३१ नंबरचं रीडिंग अपेक्षेच्या निम्मंच आलं. बाकीचं निम्मं चाचांच्या नळीलाच चिकटलं असणार. नळी परत द्यायची राहिलीय.

संस्थेचं उत्तर नाही. प्राचार्य म्हणतात, दोन्ही पत्रं एकाच फाइलला लागली आहेत, वरचं आधी वाचतील की खालचं, देव जाणे.
परवा सोमवार, चाचांची रजा संपते. किल्ल्या अजून त्याच रुमालात, माझ्या ड्रॉवरमध्ये. अलका म्हणाली, निदान रुमाल तरी धुवून द्या. म्हटलं, राहू दे, तेवढं त्यांच्यासारखं मला जमायचं नाही.